सूपच्या भांड्यातलं पान

१

पॅरिसला गेल्यापासून फ्लोरिमाँच्या जेवणाखाणाचं ताळतंत्र सुटलं होतं, आणि त्याच्या आईला हे मुळीच खपत नव्हतं.

ओब्रिकूरमध्ये बाराचा भोंगा झाला की माणसं जेवतात आणि रात्री सूप घेऊन अंथरुणाला पाठ टेकतात. फिलोमेनच्या सासूच्या सासूपासून हे असंच चालत आलेलं. पण चार वर्षांपूर्वी तिचा लेक खासदार काय झाला, दुपारच्या भाकरतुकड्याला न्याहारी म्हणायला लागला आणि दिवेलागणीला सात वाजता मांडीवर रुमाल पसरून जेवायला बसायला लागला. "उद्या म्हणेल, आई, सूर्य मावळतीला उगवतो, पॅरिसात तसा ठराव झालाय," असं ती गुत्त्यातल्या गिऱ्हाइकांना ऐकवायची. गिऱ्हाइकं हसायची, पण बेतानं. तिच्या लेकाला नावं ठेवायचा हक्क तिला एकटीला होता. दुसऱ्या कुणी तोंड उघडलं तर त्याचा पेला तिथल्या तिथे उचलला जायचा.

कारण हा लेक तिनं कोळशातून उपसून काढला होता. बाराव्या वर्षी तो खाणीत उतरला. तेविसाव्या वर्षी संपात पुढे होता म्हणून कंपनीनं काढून टाकलं, आणि आसपासच्या एकाही खाणीनं त्याला दारात उभं केलं नाही. मग फिलोमेननं पुढच्या खोलीत बिअरचं पिंप मांडून गुत्ता काढला. माणसं बिअरला यायची आणि त्याचं बोलणं ऐकत बसायची. बोलता बोलता युनियन उभी राहिली, मग तो नगराध्यक्ष झाला, मग समाजवादी पक्षाचा खासदार. खाणीत खरचटलेल्या जखमांत कोळसा भरून कपाळावर निळ्या रेघा राहतात, तशा त्याच्या कपाळावर होत्या. त्या घेऊनच तो संसदेत बोलायला उभा राहायचा.

त्या रविवारी सकाळी तोच माणूस आतल्या खोलीत, भांड्यांच्या कपाटासमोर, घरचे कागद ठेवायच्या, सूपच्या मोठ्या चिनी भांड्याचं झाकण हातात धरून उभा होता. तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं होतं.

"आई," तो म्हणाला, "पान नाही."

फिलोमेननं भांड्यात हात घातला. भांडं साफ रिकामं होतं.

पान म्हणजे वायूच्या वहीचं पान, खाणीत पेट घेणारा वायू साचलाय का ते तपासून रोज लिहायची त्या वहीचं. चौदा महिन्यांपूर्वी चार नंबरच्या खाणीत स्फोट झाला आणि एक्केचाळीस माणसं गेली. कंपनी म्हणाली, वायूची कसली खूण नव्हती, आणि वही काय, आगीत जळाली. अकरा दिवसांपूर्वी कंपनीच्या एका कारकुनानं त्या वहीचं शेवटचं पान गुपचूप फ्लोरिमाँच्या हाती दिलं. आज पहिला मे. दुपारी चार वाजता भर सभेत तो ते पान वाचणार होता. निवडणुकीच्या पहिल्या फेरीत तो कंपनीच्या माणसापेक्षा एकशेबारा मतांनी मागे पडला होता, दुसरी फेरी पुढच्या रविवारी. पान दाखवलं नाही तर तो खोटारडा ठरणार होता. त्याची खासदारकी जाणार होती, आणि एक्केचाळीस घरांचा भरपाईचा दावाही तिच्याबरोबर.

"आणि माझे बाकीचे कागद?" फिलोमेननं विचारलं. "तुझ्या बापाचा मृत्यूचा दाखला? तुझं शाळेचं प्रमाणपत्र?"

"आई, इथे माझं घर जळतंय आणि तू प्रमाणपत्राचं काय घेऊन बसलीस?"

"ते गुंडाळून फितीत बांधलेलं होतं. लाटण्याएवढं जाड. ते कशाला नेलं मेल्यानं?"

फ्लोरिमाँचं तिकडे लक्ष नव्हतं. तो भलतंच मोजत होता. गुरुवारी त्यानं पान भांड्यात ठेवलं तेव्हा या खोलीत मायलेकांखेरीज तिघंच होते, आणि तिघंही घरचे.

२

"काल संध्याकाळी सहाला मी झाकण उघडून पाहिलं होतं," फिलोमेन म्हणाली. "पान होतं. आठला मागचं दार लावून या खोलीला कुलूप घातलं, किल्ली एप्रनच्या खिशात टाकली, ती आत्ता काढली."

"म्हणजे सहा ते आठ. मी शेजारच्या गावात भाषण ठोकत होतो आणि तू पुढे गिऱ्हाइकं बघत होतीस." फ्लोरिमाँनं टेबलावर कागद पसरला, टाक शाईत बुडवला आणि न्यायाधीशासारखा बसला. फिलोमेन कोपऱ्यात बटाटे सोलायला बसली. कान उघडे ठेवायचे असले की तिला हाताला काम लागायचं.

पहिला एलुआ आला. युनियनचा सध्याचा म्होरक्या, छातीत कोळशाची धूळ साचलेला, श्वास घेताना शिट्टी वाजायची. चार वर्षांपूर्वी उमेदवारी त्यालाच मिळायची होती. ती फ्लोरिमाँला गेली तेव्हा एलुआ हसला होता, पण ते हसू ओठांच्या खाली कधी उतरलं नाही.

"साथी, काल जेवणाच्या वेळी तू कुठे होतास?"

"कबुतरांपाशी," एलुआ म्हणाला. "शर्यत होती ना. गच्चीवर आम्ही पंधरा जण माना वर करून बसलेलो. माझी निळी पहिली आली. विचार कुणालाही. का रे, आता कबुतरांवरही कर बसवताय का संसदेत?"

फ्लोरिमाँनं लिहून घेतलं. पंधरा साक्षीदार.

मग सिदोनी आली. ओमेरची बायको. ओमेर म्हणजे चार नंबरच्या खाणीत वायू तपासणारा मुकादम, त्या एक्केचाळिसांतला एक. ती कंपनीच्या चाळीत राहायची, आठवड्यातून तीन दिवस फिलोमेनकडे भाजी निवडायला यायची. गुरुवारी ती मोरीपाशी पालेभाजी धूत असताना फ्लोरिमाँनं पान भांड्यात टाकलं होतं आणि जाता जाता एलुआला म्हणाला होता, "ओमेरची सही आहे त्यावर, ठळक." तेव्हा तिच्या हातून भाजीची जुडी पाण्यात पडली होती. चौदा महिन्यांत त्या बाईच्या हातून काय काय पडलं त्याचा हिशोब कुणी ठेवला नव्हता, तसा याचाही कुणी ठेवला नाही.

"सिदोनी, काल जेवणाच्या वेळी कुठे होतीस?"

"टाकाऊ दगडांच्या डोंगरावर," ती खाली बघत म्हणाली. "कोळसा वेचायला. चाळीतल्या सगळ्याजणी होतो. थोरलीलाही नेली होती."

"बरं, जा तू. तुला उगाच त्रास."

शेवटचा राऊल. फ्लोरिमाँचा सेक्रेटरी, पॅरिसचा तरुण, केसांना सुगंधी तेल, बुटांवर कोळशाचा कण नाही. फिलोमेनला तो पहिल्या दिवसापासून डोळ्यासमोर नको होता. त्याचा मामा म्हणे कुठल्या तरी वर्तमानपत्राचा संपादक होता, आणि ते पत्र समाजवाद्यांना रोज सकाळी झोडायचं.

"काल जेवणाच्या वेळी?" राऊल गोंधळला. "मी... मी वरच्या खोलीत होतो. तुमचं आजचं भाषण उतरवत होतो."

"कोण होतं बरोबर?"

"कुणी नाही. सव्वासातच्या सुमारास पाव घ्यायला खाली आलो होतो. या खोलीतून."

टाक थांबला. फ्लोरिमाँनं कागद घडी करून खिशात ठेवला.

"एकची गाडी आहे पॅरिसची," तो थंडपणे म्हणाला. "बॅग भर. तुझ्या मामाला माझा नमस्कार सांग, आणि सांग की पान पोचल्याची पावती त्याच्या पत्रात वाचीन मी. चार वाजता सभेत मी तुझं नाव घेणार आहे."

राऊलच्या ओठांचा रंग उडाला. त्यानं फ्लोरिमाँकडे नाही, फिलोमेनकडे पाहिलं. "मादाम, तुम्हाला तरी पटतं का हे?"

तिला पटलं होतं. खरं सांगायचं तर आनंदच झाला होता, आणि त्या आनंदाचीच तिला शंका आली.

३

बाराचा भोंगा व्हायला अजून वेळ होता. फिलोमेन पुढच्या खोलीत आली, ओलं फडकं घेतलं आणि भिंतीवरची पाटी पुसायला हात उचलला. शनिवारचं सगळं त्या पाटीवर असायचं, कुणाच्या किती बिअर झाल्या आणि कुणाचं कबुतर कितव्या मिनिटाला घरी आलं.

सगळ्यात वर एलुआच्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, "एलुआची निळी, बारा वाजून दहा."

फडकं हातातच राहिलं.

बारा वाजून दहा. निळी पहिली आली, नंतरची दहा-पंधरा मिनिटांत. मग एलुआ "जेवणाच्या वेळी" गच्चीवर मान वर करून कशाला बसेल? संध्याकाळी सातला अंधारून येतं. त्या वेळी कुणाची कबुतरं परतत नाहीत.

एलुआ खोटं बोलला म्हणावं, तर पंधरा जणांची नावं कोण घेतं?

तिनं पाटी पुसली नाही. दारातून हाक मारली, "एलुआ, इकडे ये. पाहुणचाराला नाही, उत्तर द्यायला."

एलुआ छातीची शिट्टी वाजवत आला. छातीशी पहिल्या मेचा लाल रानगुलाब टाचलेला.

"काल सूपच्या वेळी कुठे होतास?"

"हे काय विचारणं झालं?" तो म्हणाला. "तुझ्यासमोर. त्या खिडकीपाशी. तिसरा पेला मागितला तर तू म्हणालीस, छाती फुटकी, तिच्यात किती ओतशील. सहा ते आठ, मी जागचा हललो नाही. तुझ्या जिभेची भीती, दुसरं काय."

"मग फ्लोरिमाँला कबुतरांचं का सांगितलंस?"

"त्यानं जेवणाच्या वेळेचं विचारलं. जेवणाच्या वेळी मी कबुतरांपाशीच होतो. तुला बरं नाही का आई?"

फिलोमेन खुर्चीवर बसली. भर दिवसा, गिऱ्हाइकांसमोर बसायची तिची रीत नव्हती, म्हणून एलुआ घाबरला. पण ती हसत होती, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

"माझा लेक," ती म्हणाली, "अख्ख्या गावाची जबानी घेऊन बसलाय. पण भलत्याच वेळेची."

४

तिनं शाळा पाहिली होती ती फक्त बाहेरून. आठव्या वर्षी ती खाणीच्या तोंडाशी दगडांतून कोळसा वेगळा काढायला बसली. अक्षरं तिला फ्लोरिमाँनंच शिकवली, तो दहा वर्षांचा असताना, स्वतःचं पुस्तक तिच्या मांडीवर ठेवून. पण कोळसा कुठला आणि दगड कुठला हे ती डोळे मिटून सांगू शकायची, आणि चोर शोधणं म्हणजे तरी दुसरं काय.

फ्लोरिमाँच्या डोक्यात सात वाजले होते, गावाच्या डोक्यात बारा. कुणीही खोटं बोललं नव्हतं. त्याचा प्रश्न त्याच्यासारखा ऐकला तो एकट्या राऊलनं, कारण तोही रात्रीच जेवणारा. म्हणून एकट्या राऊलनंच खऱ्या वेळेचं खरं उत्तर दिलं, आणि तोच अडकला. बिचारा तेलकट डोक्याचा पोरगा.

मग उरलं कोण? एलुआ तिच्या डोळ्यांसमोर होता, हे सकाळी राऊलवर डोळा ठेवण्याच्या नादात तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. राऊल या खोलीतून गेला होता, तेव्हा राऊल अजून सुटला नव्हता. आणि सिदोनी. तिला सूपच्या वेळेचं कुणी विचारलंच नव्हतं.

इथे फिलोमेनला पुन्हा ते प्रमाणपत्र आठवलं.

भांड्यात तीन कागद होते. राऊल दिवसभर कागदांत लोळणारा. त्यानं झाकण उचललं असतं तर तांबड्या रेघांचं पान एका नजरेत ओळखून काढलं असतं, आणि बाकीचे दोन तसेच राहिले असते. पेटीभर बटाट्यांतून एकच हवा असेल तर कुणी अख्खी पेटी डोक्यावर घेत नाही. फितीत बांधलेलं, लाटण्याएवढं जाड प्रमाणपत्रसुद्धा उचलून नेतो तो कोण?

कुठला कागद कुठला, हे ज्याला कळत नाही तो.

तिनं एप्रन काढलं, काळी शाल घेतली आणि चाळीच्या रस्त्याला लागली. जाताना राऊल जिन्यात बॅगेचा पट्टा आवळताना दिसला.

"बॅग खाली ठेव," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "आणि चुलीवरच्या बटाट्यांकडे लक्ष दे. करपले तर मात्र खरंच एकच्या गाडीला बसवीन."

५

सिदोनीनं दार उघडलं आणि फिलोमेनला एकटी पाहून सगळं ओळखलं. ती आत वळली. पेटी उघडली. वर ओमेरची खाणीत घालायची चामडी टोपी होती, आणि टोपीत तिन्ही कागद, फितीसकट.

"जाळणार होते," ती म्हणाली. "दोनदा चुलीपाशी नेले. पण खाली त्याचं नाव आहे. तो अंड्यासारखा गोल ओ. लग्नाच्या वहीत काढला होता तसाच. तेवढं एक अक्षर मला ओळखू येतं. नाही जाळवलं, आई."

"कुणी पढवलं? कंपनीवाल्यांनी?"

"कुणी नाही." तिनं पदरासारखी शाल तोंडाशी धरली. "डोंगरावर बायका बोलतात. वायू तपासणारा ओमेर होता, त्यानं तपासलं असतं तर आमची माणसं गेली नसती. माझ्याकडे बघून बोलत नाहीत, पण मला ऐकू येईल असं बोलतात. मग गुरुवारी फ्लोरिमाँ म्हणाला, त्याची सही आहे, ठळक. म्हणजे त्यानंच सही करून सगळ्यांना खाली सोडलं ना? आज चार वाजता ते सगळ्यांसमोर वाचणार. माझ्या पोरींनी मग कुठल्या तोंडानं पाण्याला जायचं? तुम्ही पुढे गडबडीत होता. मी मागच्या दारानं आले. तुमच्या घरात चोरी केली, हात झडले तरी चालतील. पण त्याला खुनी ठरवू नका."

फिलोमेननं पान खिडकीपाशी नेलं. बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक अक्षर धरून ती वाचू लागली. घड्याळाचा काटा बराच पुढे गेला. वरच्या ओळी गोल अक्षरातल्या होत्या. उत्तरेच्या गल्लीत वायू आहे. दिव्याची ज्योत निळी. माणसं उतरवू नयेत. ओमेर वात्यो. त्याखाली बारीक, तिरक्या, शिकलेल्या हाताची एक ओळ. वाचलं. काम चालू ठेवा. आणि खाली इंजिनिअरची सही.

तिनं पान घडी केलं. तोंडावरची रेघ हलू दिली नाही.

"काय आहे त्यात?" सिदोनीनं विचारलं.

"मी अर्धवट शिकलेली. एखादं अक्षर चुकलं तर पाप लागायचं. ज्यानं हे पान घरात आणलं त्याच्या तोंडून ऐक. चल."

सिदोनी तिच्यामागून निघाली, फासावर निघाल्यासारखी.  रस्ताभर फिलोमेननं पान शालीखाली छातीशी धरलं होतं.

६

आतल्या खोलीत राऊल चुलीपाशी चमचा धरून उभा होता, आणि फ्लोरिमाँ त्याच्याकडे पाठ करून. पान टेबलावर पडलं तसा तो झडप घालायला पुढे झाला. फिलोमेननं त्यावर हात ठेवला.

"आधी ऐक. एलुआनं तुला बाराचं सांगितलं, सिदोनीनं बाराचं सांगितलं. सातचं सांगितलं ते या पोरानं एकट्यानं, आणि त्याला तू चोर ठरवलास. ओब्रिकूरला जेवणाची वेळ कुठली, हे खासदारसाहेब विसरले म्हणून."

फ्लोरिमाँच्या डोळ्यांत हळूहळू उजेड पडला, आणि तो उजेड त्याला सोसला नाही. तो राऊलकडे वळला. "साथी, मी..."

"राहू द्या," राऊल म्हणाला. "बटाटे मात्र वाचलेत, मादाम."

"पान मी नेलं होतं," सिदोनी दारातूनच म्हणाली. "पोलिसांना बोलवा."

फ्लोरिमाँ तिच्याकडे बघत राहिला. "तू? सिदोनी, तुला ठाऊक आहे का त्यात काय..." तो थांबला. तिला ठाऊक नव्हतं, हे त्याला आत्ता, या क्षणी कळलं. "आई, मी मुद्दाम राखून ठेवलं होतं. चार वाजता तिला व्यासपीठावर बोलावणार होतो. सगळ्या गावासमोर वाचणार होतो. तिचाच मान होता तो."

"तिचा मान, की तुझ्या टाळ्या?"

त्यानं मान खाली घातली. कपाळावरच्या निळ्या रेघा तेवढ्या दिसत होत्या. फिलोमेनला त्याची दया आली, कारण तो वाईट नव्हता, आणि वाईट नाही हेच त्याला शिक्षा म्हणून पुरेसं होतं. पण दया आली म्हणून न्याय सोडायची तिची रीत नव्हती.

तिनं खुर्ची ओढली, सिदोनीला खांद्याला धरून बसवलं, आणि लेकासमोर उभी राहिली.

"ऐक, फ्लोरिमाँ. अकरा दिवस हे पान तुझ्याजवळ होतं, आणि हिचं घर इथून दोनशे पावलांवर. अकरा दिवस ही बाई नवऱ्याला मनातल्या मनात खुनी समजून तुझ्याकडच्या भाज्या धूत होती. चोरी हिनं एका संध्याकाळी केली, तू अकरा दिवस करत होतास. हिचं नाव सभेत निघणार नाही, पोलिसांतही नाही. या पोराची माफी मागशील, आणि ती चारचौघांत. निवडून ये, पड, मला तू तेवढाच. चार वाजता गावाला काय वाचून दाखवायचं ते दाखव. पण आधी इथे बस, हिच्यासमोर. तू मला शिकवलंस तसं, अक्षरावर बोट ठेवून वाच. भाषणासारखं नको. हिला ऐकू जाईल एवढंच."